हंगेरीच्या खेड्यात तीन दिवस पाहुणे

हंगेरीत शिकणाऱ्या आपल्याकडील मुलांविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकाच गोष्टीविषयी आहेत: जोडून सुट्टी आली की तिथला मित्र किंवा मैत्रीण ‘आमच्या गावी चला’ म्हणते, तेव्हा काय करावे? पतीच्या नोकरीमुळे मी सेगेद शहरात साडेतीन वर्षे राहिले आणि त्या काळात अशा बऱ्याच घरी जाऊन आले, त्यामुळे पुढील उत्तरांत माझा अनुभवही आला आहे.

प्रश्न : आमचा मुलगा बुडापेस्टमध्ये नोकरी करतो. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे त्याच्याकडे जात आहोत. २३ ऑक्टोबरला शुक्रवार असल्याने तिथे सलग तीन दिवस सुट्टी आहे आणि त्याच्या दोन मित्रांनी आम्हा तिघांना आपापल्या आईवडिलांकडे बोलावले आहे. एक घर केच्केमेतजवळच्या शेतात आहे, तर दुसरे एगेरजवळच्या गावात. भाषा येत नाही, रीतभात ठाऊक नाही. काय न्यावे, कसे वागावे? आपले ओझे तर होणार नाही ना? – राजारामपुरीतील एक दांपत्य

ओझे होईल ही भीती मनातून काढून टाका. गावाकडच्या हंगेरियन घरात पाहुणा येणार म्हटले की आदल्या दिवसापासून ओव्हन तापलेला असतो, आणि येतो म्हणून न येणाऱ्याचा जितका राग येतो तितका येणाऱ्याचा कधीच येत नाही.

आधी वेळेचा हिशेब करा. हंगेरीचे क्षेत्रफळ सुमारे ९३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे, त्यामुळे नकाशावर सगळेच जवळ दिसते. मात्र तिथले मुख्य रेल्वेमार्ग बुडापेस्टमधून चाकाच्या आऱ्यांसारखे फाकतात. केच्केमेतला जाणारी गाडी साधारणपणे न्युगती स्थानकातून सुटते आणि एगेरला जाणारी केलेती स्थानकातून, तेव्हा रेल्वेने एका घराहून दुसऱ्या घरी जायचे तर वाटेत राजधानीत उतरून स्थानक बदलणे आले. शुक्रवारी सकाळी केच्केमेत, तिथे एक मुक्काम, शनिवारी दुपारनंतर एगेर आणि रविवारी संध्याकाळी परत, असा बेत मला बरा वाटतो. रविवारी दुपारचे जेवण कोणाकडे, हे मात्र दोन्ही मित्रांना आधीच स्पष्ट सांगा. तिथे रविवारचे दुपारचे जेवण हे आठवड्यातील सर्वांत मोठे जेवण असते, आणि हे ठरलेले नसेल तर दोन्ही घरी ते तुमच्यासाठी शिजेल.

केच्केमेतच्या परिसराला आल्फोल्ड, म्हणजे मोठे मैदान म्हणतात. शिरोळ तालुक्यातली सपाटी डोळ्यांसमोर आणा आणि तिथल्या काळ्या मातीच्या जागी वाळूमिश्रित जमीन व उसाच्या जागी जर्दाळूच्या बागा कल्पा. गावापासून दूर, शेतातच बांधलेल्या एकट्या घराला तिथे ‘तॉन्या’ म्हणतात. आपण मळ्यातली वस्ती म्हणतो, तेच हे. कोंबड्या, कुत्रे, अक्रोडाचे झाड आणि ओसरीच्या आढ्याला वाळत टांगलेल्या लाल पाप्रिकाच्या, म्हणजे तिथल्या मिरचीच्या, माळा असे ते घर असते. या माळा पाहिल्यावर कोल्हापूरच्या माणसाला परके वाटण्याचे काही कारणच उरत नाही.

नमस्काराने सुरुवात करा, तो सर्वत्र चालतो. मुलाच्या मित्राच्या आईला नुसत्या नावाने हाक न मारता नावापुढे ‘नेनी’ आणि वडिलांच्या नावापुढे ‘बाची’ असे मुलाने लावावे. आपण जसे शांतामावशी, दत्ताकाका म्हणतो, अगदी तशीच ही रचना आहे आणि नाते नसतानाही ती वापरतात. तुम्ही दोघे त्यांच्याच वयाचे असाल तर तुम्हाला नुसते नाव पुरे, तशी परवानगी ते पहिल्या तासातच देतील. त्यांची पूर्ण नावे आपल्या शाळेच्या दाखल्यावर असतात तशी आडनावापासून सुरू होतात, म्हणून ओळख करून देताना पहिला शब्द ऐकून तेच नाव समजू नका. ‘कोसोनोम’ म्हणजे आभारी आहे, एवढा एक शब्द तरी पाठ करून जा. जुन्या पिढीला शाळेत रशियन सक्तीचे होते, इंग्रजी फारसे नव्हते, त्यामुळे दुभाष्याचे काम तुमच्या मुलाला आणि त्याच्या मित्रालाच करावे लागेल.

दारात बूट काढावे लागतात. लगेच तुमच्यापुढे घरात घालायच्या सपाता येतील, त्यांना तिथे ‘पपुच’ म्हणतात. फारसीतला ‘पापोश’ तुर्कांबरोबर हंगेरीत जाऊन पपुच झाला आणि आपल्याकडे येऊन पायपोस झाला. हे मी एका घरी सांगितले तेव्हा तिथल्या बाचींना इतका आनंद झाला, की संध्याकाळी आलेल्या प्रत्येक शेजाऱ्याला त्यांनी माझ्याकडून तो शब्द म्हणवून घेतला.

भेटवस्तूंविषयी दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. फुले न्यायची तर विषम संख्येत न्यावीत, कारण सम संख्येची फुले तिथे अंत्ययात्रेसाठी असतात. अकरा आणि एकवीसचा आहेर करणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगावे लागू नये. खरी फसगत शेवंतीची होते. १ नोव्हेंबर हा तिथे मृतांच्या स्मरणाचा दिवस, त्यासाठी ऑक्टोबरभर बाजारात शेवंतीचे ढीग लागलेले असतात, आणि अंबाबाईला शेवंतीची वेणी वाहणाऱ्या आपल्याला वाटते, वा, काय सुरेख फुले! ती थडग्यांवर ठेवायची असतात. गुलाब घ्या किंवा दुकानदारालाच विचारा.

दुसरी सूचना खाऊची. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत, म्हणून पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. ताजी फळेही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. नारळ, केळी, अननस, खजूर आणि डुरियन एवढी पाच फळे मात्र त्या नियमातून वगळलेली आहेत, तेव्हा ओटीचा नारळ बिनघोर न्या! गूळ आणि शेंगदाण्याचे गूळ घातलेले लाडू न्यावेत. पण सर्वांत मोलाची भेट ठरेल ती आपली डंकावर कुटून आणलेली चटणी. पाप्रिका हाच ज्यांच्या स्वयंपाकाचा प्राण आहे, त्यांना लाल तिखटाची पारख उपजत असते. शिवाय पाप्रिकाचा त्यांना रास्त अभिमानही आहे: सेगेदच्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांनी पाप्रिकापासूनच क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे काढले आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कोल्हापुरी चपला न्यायच्या तर पायाचे माप मित्राकडून आधी मागवा.

शुक्रवारी संध्याकाळी बहुधा अंगणात तिकाटण्यावर ‘बोग्राच’ टांगले जाईल. हे लोखंडी कढले असते आणि त्याखाली लाकडाचा जाळ. गुयाश म्हणजे मूळचा गुराख्यांचा रस्सा, आणि तो उघड्यावर रांधणे हे बहुतेक घरी पुरुषांचे काम, आपल्याकडच्या रस्सा मंडळासारखेच. तुमच्यातील पतींनी जाळापाशी जाऊन उभे राहावे, भाषेची काही अडचण येणार नाही. मी पाहिलेली पद्धत अशी: आधी चरबीत भरपूर कांदा बराच वेळ मऊ होईपर्यंत परततात, मग भांडे जाळावरून बाजूला घेतात, त्यानंतरच पाप्रिकाची पूड टाकून झटपट ढवळतात आणि लगोलग मांस व पाणी घालून भांडे पुन्हा जाळावर चढवतात. पाप्रिकात साखरेचा अंश असल्यामुळे ती जाळावर क्षणात करपते आणि कडू होते. त्या अर्ध्या मिनिटात बाचींशी कोणी बोलायचे नसते. रस्सा रंगाला तांबड्या रश्श्याइतकाच लाल असतो, पण जिभेला सौम्य लागतो. ज्याला जहाल हवे तो वरून तिखट मिरची घेतो, ती टेबलावर असतेच.

२३ ऑक्टोबर हा १९५६ च्या उठावाचा स्मृतिदिन आहे. सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध त्या दिवशी बुडापेस्टमध्ये सुरू झालेला उठाव ४ नोव्हेंबरपासून रणगाड्यांनी चिरडला गेला आणि त्यानंतर सुमारे दोन लाख लोक देश सोडून गेले. मध्यभागी गोल भोक असलेला झेंडा कुठे दिसला तर तो फाटका समजू नका. त्या दिवसांत झेंड्यामधले साम्यवादी राजचिन्ह कापून काढले होते, त्याची ती खूण आहे. घरातील वृद्ध आपणहून त्याविषयी बोलले तर ऐकावे, पण आजच्या राजकारणाचा विषय पाहुण्याने काढू नये. एगेरला गेल्यावर मात्र इतिहासाच्या गप्पा बिनधास्त मारा. १५५२ साली तिथल्या किल्ल्याने तुर्कांच्या प्रचंड फौजेचा वेढा परतवून लावला, बायकाही तटावर लढल्या, आणि ही गोष्ट तिथे शाळकरी पोरही तुम्हाला सांगेल. त्यावर तुम्ही १६६० चा पन्हाळ्याचा वेढा सांगा, रात्र अपुरी पडेल.

आता रविवारच्या जेवणाविषयी माझीच फजिती सांगते. दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की गावात जेवणाला बसतात. आमच्यापुढे मोठ्या झाकणाच्या भांड्यातून कोंबडीचा सोनेरी, नितळ रस्सा आला, त्यात केसासारख्या बारीक शेवया, आणि वेगळ्या ताटात त्याच रश्श्यात शिजलेली गाजरे, अजमोद्याची मुळे व मांस. मला वाटले, हेच जेवण. मी तीन वाडगे प्याले, मांसही संपवले आणि तृप्तीने पदर सावरून बसले. तेवढ्यात टेबलावरच्या थाळ्या बदलल्या. मग तळलेले मांस, भरलेली कोबीची पाने, बटाटे, काकडीचे लोणचे आणि शेवटी खसखशीच्या सारणाची गुंडाळी आली. नेनींना वाटले, स्वयंपाक आवडला नाही. रस्सा हा फक्त प्रारंभ असतो, तो एकच वाडगा घ्या. ताट रिकामे दिसले की ते पुन्हा भरतात, म्हणून पोट भरल्यावर शेवटचा घास ताटात थोडा वेळ रेंगाळू द्यावा.

त्याच रविवारी, ऑक्टोबरमधला शेवटचा रविवार असल्याने, पहाटे तीनला घड्याळे मागे नेऊन दोन वाजवतात. भारताशी असलेला साडेतीन तासांचा फरक त्यामुळे साडेचार तासांचा होतो, तेव्हा घरच्या लोकांना फोनची वेळ तशी सांगून ठेवा.

प्रश्न : मी देब्रेत्सेनला शिकते. आम्ही जैन आहोत. मांस-अंडी नाहीतच, पण कांदा, लसूण, बटाटाही चालत नाही आणि सूर्यास्तानंतर मी जेवत नाही. मैत्रिणीच्या घरी जाऊ की नको? – जयसिंगपूर

जरूर जा, पण आठ दिवस आधी बोलून घे. मांस खात नाही याला ‘नेम एसेम हूश्त’ म्हणतात. मात्र एवढ्यावर भागत नाही, कारण कोंबडी आणि मासे हे ‘मांस’ या शब्दात येत नाहीत असे मानणारी कितीतरी प्रेमळ माणसे तिथे आहेत. म्हणून मैत्रिणीकडून तिच्या आईला एकेक वस्तू मोजून सांगायला हवी: कोंबडी, मासा, अंडे, आणि मुख्य म्हणजे डुकराची चरबी. ही चरबी गावाकडे आपल्या तेलाच्या जागी वापरतात, भाजीत ती दिसत नाही, तरी असते. बिनमांसाच्या दिसणाऱ्या शेवयांवरही वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे पेरलेले असू शकतात. शेवयांमध्ये आणि ‘नोकेदली’ नावाच्या पिठाच्या गोळ्यांमध्ये बहुधा अंडे असते.

कांद्याविषयी मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. तिथला जवळजवळ प्रत्येक रस्सा कांद्यापासून सुरू होतो, आणि कांदा वगळून रांध असे सांगणे म्हणजे त्या माउलीला स्वयंपाकघराबाहेर उभे करण्यासारखे आहे. त्यापेक्षा जे आपोआप चालते त्यावर भर दे: घरचा पाव, जर्दाळूचा मुरंबा, अक्रोड, सफरचंद, काकडी, टोमॅटो आणि ताजी गोड पाप्रिका. ऑक्टोबरमध्ये या सगळ्याची तिथे रेलचेल असते. सोबत मुगाची डाळ, तांदूळ आणि हिंग-जिरे ने, आणि एका जेवणाची खिचडी स्वतः सर्वांसाठी कर. परवानगी मागितलीस तर चूल नक्की मिळेल.

सूर्यास्ताची अडचण वाटते तितकी मोठी नाही. गावाकडचे रात्रीचे जेवण बरेचदा हलके आणि थंडच असते, त्यामुळे तू लवकर खाल्लेस तर कोणाचा खोळंबा होत नाही. २३ ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. घड्याळ बदलल्यावर मात्र पावणेपाचच्याही आधी मावळतो, ते लक्षात ठेव.

प्रश्न : मित्राच्या वडिलांनी सकाळी नऊ वाजता, नाश्त्याच्या आधी, माझ्यापुढे दारूचा छोटा पेला ठेवला. मी घेत नाही. नकार दिला तर त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा बोलावणे आले आहे. – इचलकरंजी

ती पालिंका होती. जर्दाळू, आलुबुखार, नासपती अशा फळांपासून गाळलेली ही दारू असते, आणि युरोपीय संघाच्या नियमांनुसार पालिंका हे नाव हंगेरीच्या या दारूसाठी राखीव आहे. तिच्यात किमान ३७.५ टक्के मद्यार्क असावाच लागतो आणि घरगुती पालिंका त्याहून बरीच कडक असते. बाचींनी ती स्वतःच्या बागेतल्या फळांची केलेली असणार, त्यामुळे पेला नाकारला की त्यांना आपली बागच नाकारल्यासारखे वाटते.

यावर एक उपाय आहे. ‘नेम इसोम’, म्हणजे मी पीत नाही, हे उंबरठ्यावरच हसत सांगावे, पेला ओतून झाल्यावर सांगू नये. त्याच वेळी सरबत मागावे. रासबेरी किंवा एल्डर झाडाच्या फुलांचा पाक सोड्यात घालून केलेले सरबत बहुतेक घरी असते. तो ग्लास हातात घेऊन, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून ‘एगेश्शेगेरे’, म्हणजे तुमच्या आरोग्यासाठी, असे म्हणावे. हा शब्द उच्चारताना तुमची जी त्रेधा उडेल तिने बाचींचा चेहरा खुलेल. बिअरचे ग्लास मात्र काही जुनी माणसे एकमेकांना भिडवत नाहीत. ६ ऑक्टोबर १८४९ रोजी अराद येथे तेरा हंगेरियन सेनानींना फाशी-गोळ्या दिल्यावर ऑस्ट्रियनांनी बिअरचे ग्लास भिडवले अशी आख्यायिका आहे, तेव्हापासूनचा हा रुसवा. आणि तुमच्याच गाडीने परतणार असाल तर नकाराला कायद्याचाच आधार आहे, कारण गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात तिथे मद्यार्काचा अंशही चालत नाही.

प्रश्न : आईवडिलांना हंगेरीला बोलवायचे आहे. वेगळा व्हिसा लागतो का? – कागल

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा लागतो, वेगळा नाही. १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत करावा लागतो. चलन युरो नसून फोरिंट आहे. सणाच्या दिवशी गावातली दुकाने बंद असतात, म्हणून फुले आणि औषधे आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

प्रश्न : दोन दिवस राहिलो, खाल्ले-प्यायलो, आणि निघताना त्या घरातल्या आजींनी पिशवीभर अक्रोड आणि मुरंब्याच्या चार बरण्या दिल्या. पैसे द्यावेत का? परतफेड कशी करावी? – आजरा

पैशाचे नावही काढू नका. पिशवीही नाकारू नका, फक्त विमानात हातातल्या सामानात बरण्या ठेवू नका, तपासणीत त्या काढून घेतल्या जाऊ शकतात. परतफेड त्या बरण्यांमध्येच दडलेली आहे. तिथल्या घरांत उन्हाळाभर मुरंबे आणि लोणची भरली जातात, त्यामुळे काचेच्या बरणीची किंमत मोठी असते, आणि रिकामी बरणी धुऊन परत करणाऱ्याचे नाव गावात चांगले घेतले जाते. आपल्याकडे तर शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत.

मी केच्केमेतजवळच्या नेनींची बरणी आमच्या घरची चटणी भरून मित्राबरोबर परत पाठवली होती. पुढच्या खेपेला गेले तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या फळीवर पाप्रिकाच्या शेजारी ठेवलेली दिसली. निम्मी संपली होती, आणि झाकणावर नेनींनी लाल शाईने मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला होता: ‘एरोश’, म्हणजे जहाल. खाली दोन रेघाही ओढल्या होत्या.